व्हायरसमुळे नेटची लाइन बंद झाली? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवरून घरातल्या मशीनमध्ये व्हायरस आहे म्हणून लाइन बंद केल्याबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. ‘सेवादाता’ म्हणजे ज्याला तुम्ही नेटचे पैसे भरता तो, मग ती मोठी कंपनी असो वा गावातला केबलवाला. घाईत असाल तर १, ६ आणि १४ हे प्रश्न आधी वाचा.

१. लाइन व्हायरसमुळे बंद केली आहे की फायबर तुटली आहे, हे कसं ओळखायचं?

भिंतीवरच्या फायबरच्या डब्यावरचे (ओएनटी) दिवे बघा. ‘लॉस’ नावाचा लाल दिवा पेटला किंवा लुकलुकत असेल तर प्रकाश तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही: फांदी पडली, जेसीबीने केबल उचकटली किंवा जोड निसटला. पावसाळ्यात बहुतेक वेळा हेच असतं आणि त्याचा व्हायरसशी काही संबंध नसतो. लाल दिवा विझलेला आणि ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल तर फायबर ठीक आहे. मग कारणं उरतात तीन: बिल थकलं, सेवादात्याकडे बिघाड आहे किंवा तुमचं खातं थांबवलं आहे. शेजाऱ्याकडे त्याच सेवादात्याची लाइन चालू असेल आणि तुमचं बिल भरलेलं असेल, तर तिसऱ्याची शक्यता मोठी. कोणतीही साइट उघडली तरी एकच सूचनेचं पान येत असेल, किंवा प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची चूक दिसत असेल, तर तुम्हाला वेगळ्या कप्प्यात, म्हणजे मोजक्याच साइट उघडतील अशा जागी, ठेवलं आहे असं समजा.

२. व्हायरस माझ्या मशीनमध्ये आहे. त्यात सेवादात्याचं काय जातं?

बरंच जातं. संसर्ग झालेलं मशीन तुमच्या नकळत स्पॅम मेल पाठवतं, दुसऱ्यांच्या सर्व्हरवर मारा करतं किंवा नवी शिकार शोधत लाखो पत्त्यांची दारं ठोठावतं. त्या कामाची नोंद सेवादात्याच्या आयपी पत्त्यावर (नेटवर लाइन ओळखण्याचा क्रमांक) होते. स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत तो पत्ता गेला की त्याच पत्त्यामागच्या इतर ग्राहकांचे मेल परत येऊ लागतात आणि साध्या शोधालाही ‘तुम्ही रोबो नाही ना’ असं विचारलं जातं. गावातल्या छोट्या सेवादात्याची डेटा वर पाठवण्याची (अपलोडची) क्षमता मर्यादित असते. दोन-तीन डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारी यंत्रं) मारा करू लागले की अख्ख्या वाडीचा वेग खाली येतो.

३. माझ्या घरात संसर्ग आहे हे त्यांना कळतं कसं? ते माझं सगळं बघतात का?

बहुतेक वेळा कळतं ते बाहेरून. बॉटनेटची (एकाच्याच आदेशावर चालणाऱ्या संसर्गित उपकरणांच्या जाळ्याची) मशीनं ज्या सर्व्हरकडे आदेश मागायला जातात, त्याचं नाव सुरक्षा संशोधक किंवा पोलीस ताब्यात घेतात. त्यानंतर तिथे येणाऱ्या प्रत्येक मशीनचा आयपी पत्ता आणि वेळ नोंदली जाते. अशा याद्या देशोदेशींच्या संस्थांकडे आणि तिथून सेवादात्यांकडे जातात. भारतात हे काम सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र करतं. ते फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं.

सेवादात्याला स्वतःला दिसतं ते मुख्यतः इतकंच: कोणत्या पत्त्याकडे, कोणत्या पोर्टवर (प्रत्येक कामासाठी ठरलेल्या दाराचा क्रमांक), किती डेटा गेला आणि त्याचाच डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) वापरत असाल तर कोणत्या नावांची चौकशी झाली. तुमचे फोटो, बँकेचं पान, व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर यातून दिसत नाही.

४. सायबर स्वच्छता केंद्राचा एसएमएस आला. माझी लाइन बंद होणार का?

त्या एसएमएसवरून नाही. असे संदेश जनजागृतीसाठी सरसकट सगळ्यांना जातात. ‘बॉटनेटपासून सावध राहा’ म्हणजे ‘तुमच्या घरी बॉटनेट सापडलं’ असं नव्हे. तुमच्यासाठी खास असलेली सूचना सेवादात्याकडून येते.

५. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, लाइन बंद करतोय’ असा फोन आला. खरा की खोटा?

फोन ठेवा आणि बिलावरच्या नंबरवर किंवा सेवादात्याच्या अ‍ॅपमधून स्वतः चौकशी करा. खरी सूचना कधीही ओटीपी मागत नाही, एनीडेस्कसारखं दूरून ताबा घेणारं अ‍ॅप टाकायला लावत नाही आणि ‘साफसफाईचे’ पैसे यूपीआयवर मागत नाही. या तीनपैकी एकही मागणी झाली तर ती फसवणूकच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

६. कॉम्प्युटर स्कॅन केला, काही सापडलं नाही. तरी ‘संसर्ग आहे’ म्हणतात. कसं शक्य आहे?

सहज शक्य आहे, कारण दोषी बहुतेकदा कॉम्प्युटर नसतोच. नेटला जोडलेलं सगळं कागदावर लिहा: राउटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वायफाय कॅमेरे, टीव्हीचा अँड्रॉइड बॉक्स, मुलांचे फोन, दुकानातलं बिलिंगचं मशीन. मग राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी काढा आणि कागदाशी ताडून बघा. यादीत ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर वायफायचा पासवर्ड गावभर झालेला असू शकतो.

सेवादात्याला एकच प्रश्न विचारा: तक्रार कोणत्या प्रकारची आहे? पोर्ट २५ म्हणाले तर स्पॅम, म्हणजे बहुधा विंडोजचं मशीन. पोर्ट २३ किंवा २३२३ म्हणाले तर टेलनेटची (उपकरणात दूरून शिरण्याच्या जुन्या सोयीची) चाचपणी, म्हणजे बहुधा डीव्हीआर, कॅमेरा किंवा राउटर. या एका उत्तराने शोध निम्म्यावर येतो. तेही मिळालं नाही तर सगळं बंद करून एकेक उपकरण जोडा. प्रत्येकाला काही तास द्या आणि राउटरवर वर जाणारा डेटा बघत राहा. कुणी वापरत नसताना अपलोड सतत चालू असेल तर तेच ते.

७. नेटच नाही, मग विंडोजचं मशीन साफ कसं करायचं?

या क्रमाने करा.

मशीनची लॅन केबल काढा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या, चांगल्या स्थितीतल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. तो उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून मागच्या वर्षीची प्रत वापरू नका. सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर क्विक हील, ई-स्कॅन आणि के-सेव्हन यांची मोफत साधनंही मिळतात. पूर्ण स्कॅन लावा. जुन्या हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात.

नंतर ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘स्कॅन ऑप्शन्स’ आणि त्यात डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज पूर्ण चढण्याआधी, साधारण १५ मिनिटं, तपासणी चालते. चालू विंडोजमध्ये लपून बसणारे व्हायरस इथे सापडतात. या काळात वीज गेली तर काम अर्धवट राहील, म्हणून इन्व्हर्टरवर करा किंवा लॅपटॉप पूर्ण चार्ज असू द्या.

शेवटी प्रॉक्सी सेटिंग (नेटची वाट दुसऱ्या सर्व्हरमधून वळवणारं) बघा. व्हायरस गेला तरी त्याने लावलेला प्रॉक्सी तसाच राहतो आणि मग ‘लाइन चालू झाली तरी साइट उघडत नाहीत’ अशी नवी तक्रार सुरू होते.

विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद आहेत. अशी मशीनं साफ करूनही पुन्हा सापडतात. ‘अ‍ॅक्टिवेटर’ वापरून फुकट चालवलेलं विंडोज असेल तर संसर्ग त्या अ‍ॅक्टिवेटरमधूनच आलेला असू शकतो.

८. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला व्हायरस लागतो? तो साफ कसा करायचा?

लागतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने जगभरातले डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डिन या डीएनएस कंपनीवर त्यांनी मारा केला आणि अनेक मोठ्या साइट कोलमडल्या. मिराईचा कोड फुटला आणि त्याच्या अवलादी आजही फिरत आहेत.

असा व्हायरस बहुधा फक्त मेमरीत राहतो. वीज गेली की जातो. पण पासवर्ड तोच आणि दार उघडं असेल तर वीज आल्यावर काही मिनिटांत परत येतो. कोकणात पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाते, त्यामुळे सेवादात्याला संसर्ग थांबला-आला-थांबला असा दिसतो आणि ग्राहकाला वाटतं की गेला. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे:

आधी लॅन केबल काढा. मग वीज बंद करून पुन्हा चालू करा. केबल न लावता, जोडलेल्या मॉनिटरवरून अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. राउटरमध्ये डीव्हीआरसाठी केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायला उघडलेली वाट) काढून टाका आणि यूपीएनपी (अशी वाट आपोआप उघडणारी सोय) बंद करा. कंपनीच्या साइटवर नवं फर्मवेअर (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) असेल तर पेन ड्राइव्हने चढवा. केबल सर्वांत शेवटी लावा. केबल आधी लावली तर सगळी मेहनत वाया जाते.

एक खाच आहे. काही स्वस्त डीव्हीआरमध्ये टेलनेटचा पासवर्ड आतच कोरलेला असतो. स्क्रीनवरचा पासवर्ड बदलून तो बदलत नाही. असा डीव्हीआर इंटरनेटला थेट उघडा ठेवूच नये.

९. राउटर रिसेट केला तर व्हायरस जाईल ना?

राउटरमधला बहुतेक वेळा जाईल, पण आधी थांबा. मागच्या भोकात टाचणी दाबून पूर्ण रिसेट केल्यावर सेवादात्याने लाइन जोडण्यासाठी भरलेलं पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांकही पुसला जातो. मग केबलवाला घरी येईपर्यंत नेट नाही, आणि गणपतीच्या दिवसांत तो लगेच येईलच असं नाही. रिसेटपूर्वी ही माहिती मागून वहीत लिहून ठेवा. रिसेटनंतर अ‍ॅडमिनचा पासवर्ड सर्वांत आधी बदला. जुलै २०१७ मध्ये एका मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) बीएसएनएलचे बरेच मोडेम बंद पाडले, ते मूळ पासवर्ड न बदललेले होते.

१०. टीव्हीच्या अँड्रॉइड बॉक्सवर शंका आहे. फॅक्टरी रिसेट पुरेल?

अनोळखी कंपनीचा, ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून विकलेला बॉक्स असेल तर पुरणार नाही. अशा काही बॉक्समध्ये मालवेअर कारखान्यातूनच सिस्टिमच्या भागात येतं. बॅडबॉक्स २.० या अशाच प्रकरणाबद्दल एफबीआयने जून २०२५ मध्ये इशारा दिला. हे बॉक्स तुमची लाइन परक्यांना भाड्याने वापरू देतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र आहे का बघा. नसेल, किंवा प्ले स्टोअरच नसेल, तर तो बॉक्स नेटवरून कायमचा काढा. इथे दुरुस्तीच्या नादी लागू नका.

११. पेन ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइलींचे शॉर्टकट झालेत. हा तोच प्रकार?

त्याच कुळातला. झेरॉक्सच्या दुकानातून, सेवा केंद्रातून, शाळेच्या लॅबमधून तो घरी येतो. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग फाइल उघडते. शॉर्टकट उघडू नका. पेन ड्राइव्ह स्कॅन करा, फाइल एक्स्प्लोररमध्ये लपलेल्या फाइली दिसतील असं करा, आपल्या फाइली दुसरीकडे घ्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. ज्या मशीनला तो लावला होता तेही प्रश्न ७ प्रमाणे साफ करा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच.

१२. फॉरमॅट मारणं गरजेचं आहे का?

पासवर्ड चोरणारा किंवा दूरून ताबा देणारा मालवेअर सापडला असेल, किंवा साफ केल्यावर आठवड्याच्या आत पुन्हा सूचना आली असेल, तर हो. कागदपत्रं आणि फोटो तेवढे बाहेर काढा. इन्स्टॉल करायच्या फाइली नकोत. बँक, मेल आणि यूपीआयचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला. संसर्ग असलेल्या मशीनवर बदललेला पासवर्ड चोराच्याच हाती जातो.

१३. तोपर्यंत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवलं तर? किंवा दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली तर?

स्वच्छ असल्याची खात्री असलेलं उपकरण हॉटस्पॉटवर चालवायला हरकत नाही. संशयित मशीन जोडलं तर संसर्ग तिथून काम सुरू ठेवतो आणि तुमचा डेटा पॅकही संपवतो. दुसरी लाइन घेऊन काही सुटत नाही. नव्या सेवादात्याकडेही त्याच तक्रारी जातील.

१४. लाइन परत कशी मिळवायची? त्यांना नेमकं काय सांगायचं आणि मागायचं?

फोनवर भांडण्यापेक्षा लेखी मागा, मेलवर किंवा अ‍ॅपच्या तक्रारीत. चार गोष्टी हव्यात: नोंदवलेला आयपी पत्ता, तारीख-वेळ (कोणत्या प्रमाणवेळेत तेही), तक्रारीचा प्रकार किंवा पोर्ट, आणि लाइन परत चालू करण्याची अट. तुमच्या बाजूने कळवा की कोणतं उपकरण सापडलं, काय केलं, केव्हा केलं. स्कॅनच्या निकालाचा फोटो जोडा. तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या आणि जपून ठेवा.

आमचं ठाम मत आहे की यातलं काहीही न सांगता लाइन तोडणारा सेवादाता अर्धंच काम करतो. साफ करण्याची साधनं नेटवरच आहेत; नेट पूर्ण तोडून ‘साफ करा’ म्हणण्याने ग्राहक अडकतो. योग्य पद्धत म्हणजे वेगळ्या कप्प्यात ठेवणं, जिथून अँटिव्हायरस आणि अपडेटच्या साइट उघडतात, बाकीचं नाही. तुमच्या सेवादात्याकडे ती सोय आहे का, विचारा.

१५. लाइन चालू झाली, व्हॉट्सअ‍ॅपही येतं, पण साइट उघडत नाहीत. आता काय?

राउटरमधला डीएनएस बदललेला असू शकतो. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरची लाइन) आणि डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते देणारा भाग) दोन्हीकडचा डीएनएस पत्ता बघा. अनोळखी असेल तर ‘आपोआप मिळवा’वर ठेवा. मग कॉम्प्युटरमध्येही तेच करा. डीएनएसचेंजर या मालवेअरचं असंच झालं होतं. टोळी २०११ मध्ये पकडली गेली, तिच्या डीएनएस सर्व्हरच्या जागी लावलेले तात्पुरते सर्व्हर ९ जुलै २०१२ ला बंद केले आणि तोवर साफ न झालेल्या मशीनचं नेट त्या दिवशी ठप्प झालं. व्हायरस आधीच निघून गेला असेल तरी बदललेला डीएनएस मागे राहतो. प्रॉक्सीबद्दल प्रश्न ७ च्या शेवटी पाहा.

१६. मी सगळं तपासलं, काहीच नाही. त्यांनी चुकीच्या ग्राहकाला पकडलं असेल का?

असेल. कोकणातले बरेच सेवादाते सीजीनॅट वापरतात, म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं. राउटरच्या वॅन पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये असेल तर तुम्हीही त्यात आहात. अशा वेळी नुसत्या आयपी पत्त्यावरून घर ठरत नाही. वेळ आणि सोर्स पोर्ट (जोडणी ज्या पोर्टवरून बाहेर पडली त्याचा क्रमांक) दोन्ही लागतात. तक्रारीत सोर्स पोर्ट नसेल तर ग्राहक ठरवणं हा अंदाज असतो.

दुसरी नेहमीची चूक वेळेची. परदेशी अहवालात वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे. सकाळी ३:१० यूटीसी म्हणजे आपले ८:४०. हे न बदलता नोंदवही पाहिली आणि पत्ता मधल्या काळात दुसऱ्याकडे गेलेला असेल, तर निष्पाप घर सापडतं. नोंदवलेल्या वेळी तुमच्याकडे वीजच नव्हती असं असेल तर महावितरणचा बंदीचा संदेश जोडा. याहून चांगला पुरावा नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. सीजीनॅटमागे असलो म्हणून डीव्हीआर सुरक्षित नाही. बाहेरून थेट येता येत नसलं तरी त्याच सेवादात्याच्या जाळ्यातलं दुसरं संसर्गित घर तुमच्यापर्यंत पोहोचू शकतं.

१७. ते ऐकतच नाहीत. तक्रार कुठे?

आधी सेवादात्याचं तक्रार केंद्र आणि डॉकेट क्रमांक. मुदतीत निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करा. ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे पत्र लिहून वेळ घालवू नका. त्यापुढे दूरसंचार विभागासाठी केंद्राचं सीपीग्राम्स हे तक्रारींचं पोर्टल आणि जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवे’च्या व्याख्येत दूरसंचार स्पष्टपणे आहे. गावातला केबलवाला फक्त फ्रँचायझी असेल तर बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिच्याकडे जा.

१८. माझ्या मशीनमधून हल्ला झाला तर मी गुन्हेगार ठरतो का?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरायला अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू लागतो. नकळत संसर्ग झाला, एवढ्याने तो होत नाही. पण चौकशी लाइन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच येते, म्हणून सूचना, स्कॅनचे निकाल आणि पत्रव्यवहार ठेवून द्या. पतसंस्था, कंपनी किंवा कार्यालय असेल तर आणखी एक जबाबदारी आहे: सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते.

१९. बाहेरच्या देशांतही लाइन कापतात का?

कापण्यापेक्षा कप्प्यात ठेवतात. नेदरलँड्समध्ये एका सेवादात्याच्या मिराईबाधित ग्राहकांवर संशोधकांनी प्रयोग केला. कप्प्यात ठेवून सूचना दिलेल्यांपैकी ९२ टक्के १४ दिवसांत साफ झाले. नुसता मेल पाठवल्याचा मात्र लक्षात येण्याजोगा परिणाम दिसला नाही.

२०. आमचं होमस्टे आहे. पाहुण्याच्या लॅपटॉपमुळे लाइन बंद झाली, पाहुणा तर गेला. काय करू?

सेवादात्याला नोंदवलेली वेळ विचारा आणि पाहुण्यांच्या नोंदवहीशी जुळवा. पाहुणा गेल्यावर तक्रारी थांबल्या असतील तर तेच लेखी कळवा. पुढच्या हंगामाआधी राउटरवर गेस्ट वायफाय वेगळं करा, त्यात ‘एपी आयसोलेशन’ चालू करा म्हणजे पाहुण्याचं मशीन तुमच्या डीव्हीआरपर्यंत जाणार नाही, आणि पोर्ट २५ बाहेर जाण्यापासून अडवा. वेबमेलला किंवा फोनच्या मेल अ‍ॅपला ते लागत नाही. कार्डाचं मशीन मुख्य वायफायवरच ठेवा. यूपीआयचे साउंडबॉक्स बहुधा स्वतःच्या सिमवर चालतात, त्यांना धक्का लागत नाही.

२१. आम्ही मुंबईत, गावचं घर बंद, कॅमेरे मात्र चालू. लाइन व्हायरसमुळे बंद केली. घरी कुणी नाही, आता?

ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांना डीव्हीआरची फक्त लॅन केबल काढायला सांगा. वीज बंद करायला सांगू नका. केबल काढली तरी हार्ड डिस्कवर चित्रण चालू राहतं, फक्त मुंबईतून दिसत नाही. डीव्हीआरवरच्या केबलींचा फोटो आधी मागवा आणि कोणती काढायची ते फोटोवर खूण करून पाठवा, कारण चुकून कॅमेऱ्याची केबल निघाली तर चित्रण थांबेल. केबल काढल्याचं सेवादात्याला कळवलं की इतर उपकरण दोषी नसेल तर लाइन परत मिळते. पासवर्ड, पोर्ट आणि फर्मवेअरचं काम (प्रश्न ८) तुम्ही स्वतः गावी जाल तेव्हा करा, आणि तोवर केबल बाहेरच राहू द्या.